तीस टक्क्यांवर वीज घालवू नका, साहेब

प्रति,
मा. उपकार्यकारी अभियंता,
आमच्या भागाचं वीज उपविभाग कार्यालय, नाशिक

विषय : न कळवता जाणारी वीज आणि अर्धवट राहणारी अपडेट्स

महोदय,

मागच्या अर्जांच्या पोचपावत्या माझ्याकडे आहेत. उत्तरं तुमच्याकडेच राहिली. म्हणून आता उघडपणे लिहितो.

माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. त्या नात्यानं मी खरं तर तुमचे आभारच मानायला हवेत. दुपारी फीडर ट्रिप झाला की संध्याकाळी काउंटरवर लॅपटॉप येतात : ‘अपडेट चालू होतं, लाइट गेली, आता नुसतं गोल फिरतंय.’ असा धंदा मला नको. माझं बिल भरणारा माणूस तुमचंही बिल भरतो.

तुमच्या कार्यालयातून तोंडी उत्तर मात्र दर वेळी मिळतं : ‘लॅपटॉपला बॅटरी असते ना?’

असते, साहेब. समजा, नवी असताना ती ४० वॅट-तासांची होती. काही वर्षांनी तीच जेमतेम ८ धरते आणि पडद्यावर तरीही १०० टक्के दिसतात, कारण ते टक्के उरलेल्या क्षमतेचे असतात. विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढला की मूळ क्षमता आणि आजची क्षमता एकाखाली एक दिसते. आजची निम्म्याच्या खाली असेल तर बॅटरीच्या भरवशावर अपडेट लावू नका, असं मी प्रत्येकाला सांगतो. बायोसच्या, म्हणजे मशिन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या, अपडेटसाठी विंडोज किमान २५ टक्के चार्ज मागतं. ८ चे २५ टक्के म्हणजे २ वॅट-तास. २० वॅट ओढणारं मशिन त्यावर ६ मिनिटं चालेल. तुमची ‘पाच मिनिटांत येते’वाली वीज किती मिनिटांत येते, ते तुमच्याच लॉगबुकात बघा.

डाउनलोड चालू असताना खुशाल घालवा वीज. थांबलं तिथून ते पुढे सुरू होतं. रीस्टार्टनंतर ‘३० टक्के पूर्ण, संगणक बंद करू नका’ अशी पाटी असताना गेली, तर विंडोज बहुतेकदा केलेले बदल मागे घेतं. त्याला कधी तासभरही लागतो, आणि त्या तासात तुम्ही आणखी एक झटका देता. बायोस लिहिला जात असताना गेली, तर अनेकदा मदरबोर्डवरची आठ पायांची चिप प्रोग्रामरवर नव्यानं लिहावी लागते. त्यातून वाचलेल्याला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कवरचं कुलूप, ४८ अंकी किल्ली विचारू शकतो. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते, आणि खात्याचा पासवर्ड घरात कोणालाच आठवत नसतो.

दर महिन्याची अपडेट्स दुसऱ्या मंगळवारी निघतात, आपल्याकडे रात्री साडेदहा-साडेअकराला. म्हणजे नाशिकचे लॅपटॉप बुधवारी सकाळी ती ओढायला लागतात. महिन्यातला तेवढा एक बुधवार देखभालीच्या कामातून सोडा, असं मी अर्जात लिहिलं होतं. त्यावर कार्यालयात हशा झाला म्हणे.

केंद्राचे वीज (ग्राहकांचे हक्क) नियम ३१ डिसेंबर २०२० चे आहेत, तेही एकदा हसून वाचा. नियोजित बंद ग्राहकाला कळवायचा. अचानक वीज गेली तर लगेच एसएमएसनं किंवा दुसऱ्या इलेक्ट्रॉनिक मार्गानं कळवायचं आणि कधी येईल याची अंदाजे वेळही द्यायची. आमच्या मोबाईलवर तुमचे एसएमएस येतात ते बिलाचे. थकबाकीचा एसएमएस बरा कधी ट्रिप होत नाही!

तुमचं दुसरं तोंडी उत्तर : ‘सिंहस्थाचं खोदकाम चालू आहे, केबल तुटते.’ मान्य. सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, हे साऱ्या शहराला केव्हाच कळलं. उद्या खड्डा कुठे खणणार, एवढं तुम्हाला आदल्या दिवशी कळू नये?

तोवर तुमचं काम मीच करतो. गिऱ्हाइकांना सांगतो : अपडेटमध्ये लाइट गेली की पॉवरचं बटण दाबू नका, झाकण मिटू नका, पेनड्राइव्ह काढून ठेवा. मशिन बंद पडलंच तर वीज आल्या आल्या प्लग लावू नका. दहा-पंधरा मिनिटं टिकते का बघा, कारण ती पुन्हा जाते. मग चालू करा आणि तासभर हात लावू नका.

मागणी एवढीच. नियोजित बंदचा एसएमएस आदल्या संध्याकाळपर्यंत यावा, सुरू होण्याच्या आणि संपण्याच्या वेळेसह. दहाची वेळ दिली असेल तर पावणेदहाला वीज घालवू नये. गेल्या वर्षभरात आमचा फीडर किती वेळा आणि किती मिनिटं बंद होता, त्याचा उतारा लेखी द्यावा. तोंडी उत्तर घ्यायला मी येणार नाही. बॅटरीचं काय, ते वर लिहिलं आहे.

आपला,
बिल वेळेवर भरणारा एक ग्राहक