घोडी आहे का घोडी?

मागच्या महिन्यात हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये आमच्याच बॅचच्या चार पोट्ट्यांनी एका जुन्या मारुती ८०० चा गिअरबॉक्स उतरवायचा बेत केला. सामान काय? गाडीसोबतचा जॅक, चार विटा, पान्यांचा एक सेट आणि मोबाइलवरचा व्हिडिओ. रेक्टर सरांनी वेळेत पाहिलं आणि सगळ्यांना हाकललं. त्यावरून मेसमध्ये दोन तट पडले. एक म्हणतो, "इंजिनिअरिंगच्या पोट्ट्यांनी गाडी खोलायची नाही तर कोणी खोलायची बे?" दुसरा म्हणतो, "मिस्त्री कशाला आहेत मग?" माझ्या मते दोघेही चुकले. गिअरबॉक्स जरूर उतरवा, पण विटांवर नाही.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेलं नाही. थिअरी ऑफ मशीन्समध्ये गिअर ट्रेनची गणितं मी चटाचट सोडवायचो. त्याच उन्हाळ्यात बाबांच्या मारुतीची क्लच प्लेट गेली. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडीचा वेग काही वाढायचा नाही. प्लेट तशी स्वस्त असते. पण ती बसते इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधोमध, म्हणून एका प्लेटसाठी अख्खा गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. खर्च खरा तिथे, मजुरीत. मी बाबांना म्हटलं, आम्हीच करतो. आम्ही म्हणजे मी आणि माझा आतेभाऊ.

मे महिना, नागपूरचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. घरासमोरच्या डांबरी रस्त्यावर गाडी जॅकवर चढवली, बाजूला विटा रचल्या. दुपारपर्यंत डांबर मऊ झालं आणि जॅकचा पाय एका बाजूने हळूहळू रुतत गेला. आमच्या कोणाच्या लक्षातच आलं नाही. आतेभाऊ पाणी प्यायला बाहेर आला, आणि तो ग्लास तोंडाला लावतो न लावतो तोच गाडी धप्पकन खाली बसली. विटेचा भुगा झाला. आई दारात उभी होती. ती काहीच बोलली नाही, फक्त आमच्या हातातले पाने घेऊन आत गेली.

संध्याकाळी गल्लीतल्या मिस्त्रीकाकांना बोलावलं. त्यांनी क्लचबद्दल एक शब्द विचारला नाही. पहिला प्रश्न, "घोडी हाय का घोडी?" मी कॉन्व्हेंटचा, मला वाटलं काका चेष्टा करून राहिले. घोडी म्हणजे लोखंडी पायांचा स्टँड, ज्यावर उचललेली गाडी टेकवतात. "घोडी नाही तर खाली नोको जाऊ लेका. जॅक उचलाले असते, धरून ठेवाले नाही." आमच्या चार सेमिस्टरमध्ये हे वाक्य मला कोणी सांगितलं नव्हतं. मारुती ८०० चं वजन साधारण ६५० किलो, त्यातलं जास्त पुढच्या चाकांवर. वीट भिंतीत कितीही भार घेते, कारण तिथे तो सगळीकडे सारखा पसरतो. गाडीची कड एका टोकावर टेकली की वीट तडकते. हे स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच आहे, फक्त पेपरात असं विचारत नाहीत!

दुसऱ्या दिवशी काकांसोबत काम केलं. त्यात जे शिकलो ते इथे लिहून ठेवतो. आदल्या रात्री गंजलेल्या बोल्टांवर तेल सोडून ठेवा, नाहीतर त्यांची डोकी गोल होतात. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, कारण पुढे सेल्फ काढायचा असतो. ड्राइव्ह शाफ्ट ओढण्याआधी गिअर ऑइल काढून घ्या, नाहीतर ते अंगावर येतं (माझा एक शर्ट गेला). बोल्ट लहानमोठे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर गिअरबॉक्सचं चित्र काढून ज्याचा बोल्ट त्याच जागी खोचा. गिअरबॉक्सकडचं माउंटिंग सोडण्याआधी इंजिनला खालून फळी लावून आधार द्या, नाहीतर ते एका बाजूला कलंडतं. सगळ्यात मोठी चूक होते शेवटच्या बोल्टनंतर. गिअरबॉक्स शाफ्टवर लटकू द्यायचा नाही, प्लेटचं मधलं भोक वाकतं. तो सरळ रेषेत मागे सरकला पाहिजे, आणि त्यासाठी दोन माणसं हवीतच. आतली काळी धूळ फुंकायची नाही, कारण जुन्या प्लेटांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या कपड्याने पुसायची. नवीन प्लेट मधोमध बसवायला काकांकडे जुन्या गिअरबॉक्सचा कापलेला शाफ्ट होता. त्याशिवाय आम्ही चढवताना तासभर झटापट केली असती.

मेसमध्ये एक तिसरा मुद्दाही निघाला. आता विजेच्या गाड्या येऊन राहिल्या, क्लच कशाला शिकायचा? खरं आहे, २०१७ साली आपल्या नागपुरातच विजेच्या टॅक्सी धावल्या होत्या आणि त्यांत क्लच नसतो. मारुती ८०० तर २०१४ मध्येच बनायची बंद झाली. पण विजेच्या गाडीतही गिअर, बेअरिंग आणि ऑइल सील असतातच, आणि तिची बॅटरी खालून काढायची तर तीसुद्धा आधी उचलून कशावर तरी टेकवावीच लागते.

म्हणून माझा राग रेक्टर सरांवर नाही. त्यांनी एका पोट्ट्याचा जीव वाचवला असेल. माझं म्हणणं वर्कशॉपबद्दल आहे. तिथे आम्ही दोन वर्षं जॉबला कानस मारतो, मार्क घेतो आणि तो जॉब भंगारात जातो. रविवारी सकाळी वर्कशॉप उघडा. पक्की फरशी आहे, साखळीचा चेन ब्लॉक आहे. चार घोड्या घ्या, एक जुनी गाडी आणा, आणि रोजी देऊन एका मिस्त्रीला शिकवायला बोलवा. ते बोलतील आमच्या नागपुरी बोलीत, पण त्यांना सर म्हणायला आम्हाला लाज वाटणार नाही.

तोवर एक सांगून ठेवतो. त्या उन्हाळ्यात बाबांनी दोन घोड्या विकत आणल्या. त्या मी हॉस्टेलवर आणल्या आहेत, माझ्या कॉटखाली असतात. ज्याला लागतील त्याने न्याव्या, फक्त सोबत एक रुंद फळीसुद्धा न्यावी.