चालक शहाणा हवा, तसा रस्ताही

एखादा मोठा अपघात झाला की गावात चार दिवस त्याचीच चर्चा चालते. पोरगं नवशिकं होतं, ट्रकवाला पिऊन होता, हल्ली लायसन्स कुणालाही मिळतं, असे निकाल पानाच्या टपरीवर दिले जातात. दोष एकाच्या माथी मारला की मन मोकळे होते आणि दहाव्याच्या आत विषय संपतो. पुढच्या महिन्यात त्याच वळणावर दुसरा अपघात होतो, आणि तोच निकाल दुसऱ्याच्या नावावर लिहिला जातो.

आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. म्हणून आधी आकडा सांगतो. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. म्हणजे दररोज सुमारे ४६०. त्यांपैकी १५,२२४ एकट्या महाराष्ट्रातली. मरणाऱ्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीवाल्यांचा, आणि त्याखालोखाल पायी चालणाऱ्यांचा. एवढी माणसे एखाद्या तापाने गेली असती तर घरोघरी फवारणी झाली असती, मंत्र्यांचे दौरे झाले असते. अपघाताला मात्र आपण 'नशीब' म्हणतो. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने ते नशीब नसून एक साथ आहे, आणि साथीला कारणे असतात.

गॅस्ट्रोची साथ आली की आम्ही डॉक्टर मंडळी दोन गोष्टी करतो. लोकांना सांगतो, पाणी उकळून प्या, हात धुवा. आणि नगरपालिकेला सांगतो, गटारातून गेलेली फुटकी पाईपलाईन आधी दुरुस्त करा. पाणी उकळण्याचा सल्ला चांगलाच आहे. पण पाईप फुटकाच ठेवून केवळ तो सल्ला देत राहिलो तर साथ हटत नाही. रस्त्याच्या बाबतीत आपण गेली कित्येक वर्षे नेमके हेच करीत आहोत. सप्ताह साजरे करतो, फलक लावतो, भाषणे देतो, 'चालकांनो, सावध राहा' म्हणतो. फुटक्या पाईपकडे कुणी पाहत नाही.

शिकवण्याने किती फरक पडतो?

चालकाला चांगले शिकवले की अपघात कमी होतील, असे कुणालाही वाटेल. मलाही ते पटण्यासारखे वाटते. पण वैद्यकात एक नियम आहे: औषध कितीही गुणकारी वाटले तरी ते रुग्णांवर तपासून पाहिल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवायचा नाही. ड्रायव्हिंगच्या शिकवणीचीही अशी तपासणी झाली आहे, आणि तिचे निष्कर्ष विचार करायला लावणारे आहेत.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या डीकाल्ब परगण्यात १९७० च्या दशकाच्या अखेरीस सोळा हजारांहून अधिक शाळकरी मुलांचे तीन गट पाडले गेले. एका गटाला दीर्घ आणि उत्तम शिक्षण दिले, दुसऱ्याला थोडक्यात, तिसऱ्याला औपचारिक शिकवणी दिलीच नाही. पुढे या मुलांच्या अपघातांची नोंद ठेवली. सुरुवातीचे काही महिने सोडले तर उत्तम शिकलेल्या गटाला टिकाऊ असा फायदा दिसला नाही. लायसन्स मिळालेल्या चालकांना पुन्हा शिकवण्याविषयी २४ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यांत तीन लाखांहून अधिक चालक होते. त्यातूनही अशा शिकवणीने अपघात किंवा इजा कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. नॉर्वेमध्ये तर निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचे धडे दिल्यावर तरुण मुलांचे अपघात उलट वाढलेले आढळले. कारण समजण्यासारखे आहे. 'मला गाडी सावरता येते' असा विश्वास आला की पाय ॲक्सिलरेटरवरून निघत नाही.

आपल्याकडचे चित्र वेगळ्या कारणाने चिंतेचे आहे. दिल्लीत ८२२ अर्जदारांवर केलेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. लवकर लायसन्स काढणाऱ्यांना बक्षीस देऊ केले, तेव्हा त्यांना लायसन्स लवकर मिळाले. पण दलालामार्फत, आणि गाडी नीट येत नसतानाही. म्हणजे परदेशात प्रश्न असा की शिक्षण देऊन अपघात कमी होतात का; आणि आपल्याकडे प्रश्न असा की परीक्षा तरी खरी होते का!

मग ड्रायव्हिंग क्लास बंद करायचे का? मुळीच नाही. ज्याला क्लच-ब्रेकच कळत नाही त्याला रस्त्यावर सोडणे हा गुन्हाच आहे. पण कोणती शिकवणी उपयोगी, हे पाहायला हवे. गाडी वळवता येणे वेगळे आणि धोका आधी ओळखता येणे वेगळे. उभ्या एस.टी.च्या पुढून एखादे पोर पळत येऊ शकते, हे ज्याला आधीच सुचते तो खरा चालक. ब्रिटनमध्ये २००२ पासून लायसन्सच्या परीक्षेत ही धोका ओळखण्याची चाचणी घेतली जाते. न्यूझीलंडने १९८७ पासून लायसन्स टप्प्याटप्प्याने द्यायला सुरुवात केली. आधी जाणत्या माणसाला शेजारी बसवून सराव, मग एकट्याने, पण रात्री उशिरा नाही आणि बरोबर मित्रमंडळी नाहीत, आणि शेवटी पूर्ण मोकळीक. या पद्धतीने तरुणांचे अपघात कमी झाले. आपल्या केंद्र सरकारने २०२१ साली मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नियम केले. त्यांत हलक्या वाहनासाठी २९ तासांचे शिक्षण सांगितले आहे. आपल्या मुलाच्या क्लासचे तास एकदा मोजून पाहा, म्हणजे फरक कळेल.

फुटका पाईप कुठे आहे?

आता रस्त्याकडे वळू. विल्यम हॅडन नावाचे एक अमेरिकन डॉक्टर होते. १९६६ साली त्या देशाच्या महामार्ग सुरक्षा खात्याचे ते पहिले प्रमुख झाले. त्यांनी सांगितलेली गोष्ट साधी होती: अपघात पाहताना केवळ माणूस पाहू नका, माणूस, वाहन आणि रस्ता, तिन्ही पाहा, आणि अपघाताच्या आधी, होताना व नंतर, असे तिन्ही वेळांना पाहा. कीटकजन्य रोगात आम्ही रोगी, डास आणि डबके पाहतो, तसेच हे.

इजा कशाने होते? वेगाने. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. ताशी ६० किलोमीटरने जाणाऱ्या चालकाला समोरचा माणूस दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तर गाडी तेवढ्यात २५ मीटर पुढे गेलेली असते. ताशी ३० असेल तर साडेबारा मीटर. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताची जोखीम चार टक्क्यांनी वाढते. म्हणून जिथे माणसे आणि गाड्या एकाच रस्त्यावर आहेत, तिथे वेग ३० वर ठेवा, असा जगभरच्या जाणकारांचा सल्ला आहे. स्वीडनच्या संसदेने १९९७ साली ठरवले की माणसाच्या हातून चूक होणारच. पण त्या चुकीची शिक्षा मृत्यू असता कामा नये, असा रस्ता बांधायचा.

हे श्रीमंतांचे चोचले आहेत, असे म्हणू नका. आफ्रिकेतल्या घाना देशात सुहुम नावाच्या नाक्यावर महामार्गावर गाडी खडखडवणाऱ्या आडव्या पट्ट्या बसवल्या. तेवढ्याने अपघात सुमारे ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू सुमारे ५५ टक्क्यांनी घटले. चालक तेच होते, त्यांचे शिक्षणही तेच होते, बदलला तो फक्त रस्ता. आपल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ जण दगावले. त्याच वर्षी तिथे रस्त्यातले दोष शोधून दुरुस्त करणे, पोलिसांची नजर आणि जखमींना तातडीची मदत, असा एकत्रित कार्यक्रम हाती घेतला गेला. २०१९ पर्यंत मृतांची संख्या शंभराच्या खाली आली.

आता आपल्या गावाकडे पाहा. एस.टी. स्टँडसमोर रस्ता ओलांडायला पांढरे पट्टे आहेत का? असले तर शेवटचा रंग कधी दिला? शाळा सुटते तेव्हा सायकली, टमटम आणि वाळूचे डंपर एकाच फाट्यावर एकत्र येतात की नाही? फूटपाथ बांधला, पण त्यावर दुकानाच्या पाट्या, फ्रीजची खोकी आणि हातगाड्या. म्हातारी माणसे आणि गरोदर बायका रस्त्याच्या मधून चालतात, आणि मग आपण म्हणतो, लोकांना चालायची शिस्त नाही! दुकानदार मंडळी रागावतील. पण चालणाऱ्याला पाय ठेवायला जागा न ठेवता त्याला शिस्त शिकवणे, हा अन्याय आहे.

आणखी एक नमुना म्हणजे आपले गतिरोधक. ज्याच्या मनाला आले त्याने खडी-डांबर टाकून दारासमोर बांध घातला, असा प्रकार गल्लोगल्ली आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने याचे माप ठरवून दिले आहे: ३.७ मीटर रुंद, मध्ये १० सेंटिमीटर उंच, सावकाश चढ-उतार असलेला; ताशी २५ किलोमीटरने त्यावरून सहज जाता आले पाहिजे. त्यावर पांढरा-काळा रंग आणि आधी सूचनेचा फलक हवा. आमच्या दवाखान्यात कंबर धरून येणारे रिक्षावाले आणि रात्री न दिसलेल्या बांधावरून मागे बसलेली बाई पडल्याच्या हकिगती, या मापाचा अर्थ रोज समजावून सांगतात. चुकीचे औषध रोगापेक्षा वाईट, तसा चुकीचा गतिरोधक.

आपण काय करावे?

आधी आमच्या व्यवसायाविषयी. चाळिशी ओलांडलेल्यांना आणि प्रवासी वा मालवाहतुकीचे लायसन्स घेणाऱ्यांना डॉक्टरचा नमुना १-अ दाखला लागतो. भर उजेडात २५ मीटरवरची नंबर प्लेट वाचता येते का, तीव्र रंगांधळेपणा आहे का, रातांधळेपणा आहे का, ऐकू येते का, हे त्यात लिहायचे असते. 'डॉक्टर, सही तेवढी करा, तुम्ही तर आम्हाला ओळखता' असे म्हणत कुणी आले तर त्याला नकार द्या, अशी सहव्यवसायी मित्रांना माझी विनंती आहे. ओळखीने मोतीबिंदू जात नाही. आणि वाचकहो, तुमचा डॉक्टर तपासल्याशिवाय सही देत नसेल तर रागावू नका. मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांनी उपाशीपोटी लांबचा प्रवास करू नये. ज्याने झोप येते अशी सर्दीची गोळी घेऊन गाडी चालवू नये.

पालकांना सांगणे असे. दहावीत चांगले गुण मिळाले म्हणून मुलाच्या हाती गाडीची किल्ली देऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. हेल्मेट चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला, दोघांनाही हवे. चार वर्षांवरील मुलालाही. ते हँडलला लटकवून डोके वाचत नाही. हनुवटीखालचा पट्टा बांधलेला हवा.

अपघात दिसला तर पळून जाऊ नका. जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस-कोर्टाचा त्रास होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली नियम मान्य केले, आणि २०१९ साली ते संरक्षण कायद्यातच आले. १०८ ला फोन करा, वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, मानेला हिसका देऊ नका, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंत विनारोख उपचाराची केंद्राची योजना आहे. तेव्हा पैशाच्या विचाराने पहिला तास घालवू नका. ही तीन-चार कौशल्ये गावातल्या प्रत्येक रिक्षाचालकाला आणि हॉटेलवाल्याला यायला हवीत. मला विचाराल तर रस्ता सुरक्षेच्या भाषणाऐवजी हे दोन तासांचे शिक्षण द्यावे.

आणि शेवटी नगरपालिकेविषयी. गेल्या तीन वर्षांत गावाच्या हद्दीत कुठे कुठे अपघात झाले याची यादी पोलीस ठाण्यात आहे. ती नकाशावर टिंबांनी मांडली तर सारी टिंबे दोन-चार ठिकाणी गर्दी करून बसलेली दिसतील, जसे साथीत एकाच नळकोंडाळ्याभोवती रुग्ण सापडतात. तेवढ्या जागा आधी दुरुस्त कराव्यात: रंगाचे पट्टे, दिवे, मापाचे गतिरोधक, मोकळा फूटपाथ. याला कोट्यवधी लागत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते. वॉर्डातल्या वीस जणांनी सह्या करून, नेमकी जागा दाखवून, तिच्याकडे अर्ज द्यावा, आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करावा. नगरपालिकेच्या येत्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला हार घालण्यापूर्वी विचारा: शाळेसमोरचा फूटपाथ कधी मोकळा होणार?

चालकाला शिकवावेच. पण नवशिका चुकणार आणि जाणताही थकल्यावर चुकणार, हे धरून रस्ता बांधणे, हीच खरी प्रतिबंधक लस आहे.