स्वदेशी कोणाची: घेणाऱ्याची की घडवणाऱ्याची?

देशावर आर्थिक पेच आला की आपल्याकडे स्वदेशीचा पुकारा होतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले, आणि त्याच महिन्यात लाल किल्ल्यावरून दुकानदारांना स्वदेशी मालाचे फलक लावण्याचे आवाहन झाले. पाठोपाठ याद्या फिरू लागल्या: हा साबण आपला, ती टूथपेस्ट परकी, हे बिस्किट घ्या, ते टाका. या याद्यांत कंपनीच्या मालकाचे राष्ट्रीयत्व असते. वस्तू घडवणाऱ्याचा उल्लेखही नसतो. आमचा आक्षेप नेमका येथे आहे. मालक देशी निघाला म्हणजे वस्तू स्वदेशी ठरली, इतक्या स्वस्तात हा शब्द विकला जाऊ नये.

या शब्दाचा आपल्याकडील इतिहास काही वेगळेच सांगतो. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, १८७७ च्या दिल्ली दरबारात खादी नेसून गेले. पण काकांनी खादी नेसण्यावर समाधान मानले नाही. देशी मालाच्या उत्पादनाच्या आणि विक्रीच्या खटपटीत त्यांनी स्वतःला झिजवले. पुढे पैसा फंडाने सामान्य माणसाकडून एकेक पैसा गोळा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काच कारखाना उभा राहिला. वस्तू करण्याची विद्या आणि सोय देशात यावी, हा त्या मंडळींचा ध्यास होता. खरेदी ही त्यातली शेवटची पायरी. आज आपण एवढी एक पायरी उचलून घरी आणली आहे आणि तिलाच जिना म्हणतो आहोत.

स्वदेशीचा हुतात्मा म्हणून आपण बाबू गेनूंचे नाव घेतो. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत परदेशी कापडाच्या लॉरीपुढे त्यांनी प्राण दिला. बाबू गेनू गिरणी कामगार होते, हे मात्र पुण्यतिथीच्या भाषणांत फार वेळ रेंगाळत नाही. त्यांच्याच मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. गिरण्या देशी, मालक देशी, कापडही देशी. प्रश्न फक्त ते विणणाऱ्यांच्या पोटाचा होता. त्यावेळी किती स्वदेशीवाद्यांनी 'या कामगारांना न्याय मिळेपर्यंत या गिरण्यांचे कापड घेणार नाही' अशी शपथ घेतली? गिरण्या एकेक करून बंद पडल्या. फिनिक्स मिलच्या आवारात आज मॉल आहे, आणि त्यात परदेशी कपड्यांची दुकाने थाटात उभी आहेत. ज्यांच्या हातांनी देशी कापड होत होते ते हात आपण आधी गमावले; परदेशी दुकान नंतर आले.

हे सारे जुने झाले असे कोणी म्हणेल, म्हणून अलीकडचे पाहू. राष्ट्रध्वज हातकताईच्या, हातविणीच्या कापडाचाच असावा असा नियम होता. डिसेंबर २०२१ मध्ये तो बदलून यंत्रावरच्या पॉलिएस्टरलाही परवानगी मिळाली. नांदेडच्या खादी केंद्रात राष्ट्रध्वज तयार होतात. तिथल्या कातणाऱ्या बायकांना पॉलिएस्टरच्या ढिगाशी स्पर्धा करायला लावून आपण २०२२ साली घरोघर तिरंगा फडकवला. पुढे २०२५ साली, लाल किल्ल्यावरील आवाहनानंतर अवघ्या चार दिवसांनी, १९ ऑगस्टपासून कापसावरील ११ टक्के आयातशुल्क माफ झाले. ती सवलत नंतर ३१ डिसेंबरपर्यंत वाढवण्यात आली. अमेरिकी शुल्काने हैराण झालेल्या कापड उद्योगाला दिलासा हवा होता, हे आम्हाला मान्य आहे. पण तो विदर्भाच्या कापूस उत्पादकाच्या खिशातून का द्यावा? ग्राहकाने शर्ट स्वदेशी घ्यावा आणि शर्टाचा कापूस मात्र बोटीने यावा, या व्यवहाराला कोणते नाव द्यायचे?

त्याच वर्षी जूनमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, आणि आपला स्वाभिमान उसळला. उसळावा, त्यात गैर नाही. २०१९ पासून कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन आहे. परंतु रेक्झिनची नकली 'कोल्हापुरी' आपल्याच बाजारात आपलेच व्यापारी विकतात. तिच्यावर स्वदेशीचा फलक निःशंक लागू शकतो. आणि खरी चपल घेताना चर्मकाराशी पन्नास रुपयांसाठी हुज्जत घालणारे आपणच असतो.

यावर एक प्रतिवाद ठरलेला आहे: नफा निदान देशात तरी राहतो ना? राहतो. पण देशात कोणाकडे? इचलकरंजी, भिवंडी, मालेगावचा यंत्रमाग कामगार नगावर किंवा मीटरवर राबतो. माग बंद तर मजुरी बंद. त्याच्या घरात यातले किती पोहोचते, हे विचारल्याखेरीज 'देश' हा शब्द पुरा होत नाही.

उलट बाजूने, स्वस्त परकी वस्तू घेणाऱ्या गरिबाला देशद्रोही ठरवणेही आम्हाला मान्य नाही. रवींद्रनाथांच्या 'घरे बाइरे' (१९१६) या कादंबरीत पंचू नावाच्या गरीब फेरीवाल्याचे परदेशी कापड जाळले जाते. जाळणाऱ्यांचे काहीच जळत नाही. स्वदेशीच्या ऐन भरात ही चळवळ पाहिलेल्या माणसाने दिलेला हा इशारा आपण अजून नीट वाचलेला नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. बहिष्काराच्या यादीत सध्या दोन रकाने असतात: वस्तू आणि कंपनीचा देश. त्यात तिसरा रकाना घालावा: करणाऱ्याला मिळालेली मजुरी. कंपन्यांनी तो भरावा, सरकारने तपासावा, आणि ग्राहकाने दुकानात उभे राहून विचारावा. जी देशी कंपनी तो रकाना भरायला नकार देईल, तिचा माल परदेशी मालाइतकाच परका समजायला आम्ही तयार आहोत.