वर्गणी आणि वहिवाट

बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना मे २०२५ मध्ये लाभलेला आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार आणि ऑगस्टात आपल्या बंगळुरात बोम्मसंद्र्यापर्यंत धावू लागलेली पिवळी मेट्रो, एवढ्या दोन नोंदींवर सरत्या वर्षाचा परामर्श आटोपता घेतो. कारण वर्षभर आम्हांस सलत राहिली ती गोष्ट निराळीच आहे.

ती म्हणजे येथील आपल्या मराठी संस्थांची देणगीदारांची यादी. गणेशोत्सवाची वर्गणी असो, गरजू विद्यार्थ्यांचा निधी असो की रुग्णसाहाय्य, आडनावे तीच, वसाहती त्याच आणि, स्पष्ट लिहावयाचे तर, बहुधा जातीही त्याच. शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळापासून ज्यांचे पूर्वज येथे नांदले ती मराठा घराणी, भावसार आणि नामदेव शिंपी, घरात कन्नडमिश्रित मराठी बोलणारी जुन्या पेठांतील कुटुंबे, यांच्या दाराशी आमचे पावतीपुस्तक क्वचितच पोचते. मग भिंतीपलीकडच्या कन्नड, तमिळ किंवा दखनी बोलणाऱ्या बिऱ्हाडांची कथाच नको. पृच्छा केली तर उत्तर ठरलेले : ‘ते देत नाहीत हो.’

मागितले होते का?

जाहिराती मात्र आपण बिनदिक्कत मागतो. याच अंकाची पाने उलटून पाहावीत. सराफ मारवाडी, मिठाईवाला कन्नड, छापखाना तमिळ गृहस्थाचा, आणि त्यांच्या पैशांचा विटाळ कोणास झालेला नाही. जाहिरातदार पैसे देऊन निघून जातो, देणगीदार मात्र उद्या सभासद होतो, परवा हिशेब विचारतो आणि तेरवा कार्यकारिणीवर उभा राहतो. आपल्याला भय आहे ते त्याच्या नकाराचे नसून त्याच्या होकारानंतरच्या हक्काचे.

अण्णासाहेब कर्वे यांना हे भय नव्हते. १९१६ साली स्थापन झालेल्या त्यांच्या महिला विद्यापीठाला १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लक्ष रुपयांची देणगी देऊ केली, तेव्हा एका गुजराती मातेचे नाव विद्यापीठास देण्याची अट कर्व्यांनी मान्य केली आणि शतक उलटले तरी श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव उच्चारताना मराठीपणाला बाध आल्याची तक्रार कोणी केलेली ऐकिवात नाही. त्याआधी अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला, तो दरडोई एक पैसा मागून. त्याच फंडातून १९०८ साली तळेगावचा काचकारखाना उभा राहिला. अन् आपल्याच शहरातील १९०९ची विज्ञानसंस्था? मुंबईच्या पारशाच्या मिळकती आणि म्हैसूर दरबाराने दिलेली ३७१ एकर जमीन, अशी ती पायाभरणी आहे.

या अंकाचा विशेष विभाग ‘शेजार’ हा आहे, त्याचा आणि या तक्रारीचा मेळ वाचकांनी घालून घ्यावा. विभाग आधी ठरला, तक्रार नंतर अनावर झाली.

आमची सूचना साधी आहे. सभासदत्वासाठी मातृभाषेची अट जेथे घटनेत असेल तेथे ती काढावी, पावतीपुस्तक कन्नडातही छापावे आणि वर्गणी देणाऱ्या प्रत्येकास मतदानाचा अधिकार असावा. असा ठराव येत्या सर्वसाधारण सभांपुढे यावा. ज्यांस तो अमान्य असेल त्यांनी आपली कारणे स्वाक्षरीनिशी आमच्याकडे धाडावीत, पुढील अंकात ती शब्दशः छापू.