सिम दुसऱ्याच्या हाती गेल्यावर जबाबदारी कोणाची?

मोबाईलचे नेटवर्क गेले की आपण टॉवरला दोष देतो आणि ते परत येण्याची वाट पाहतो. गोव्यात, त्यातही पावसाळ्यात, ही सवय सर्वांच्याच अंगवळणी पडली आहे. ‘सिम स्वॅप’ करणाऱ्या टोळ्यांना नेमका हाच वेळ हवा असतो.

या गुन्ह्याची तयारी आधीपासून चाललेली असते. बनावट लिंक किंवा फोनद्वारे ग्राहकाची जन्मतारीख, आधार क्रमांक आणि बँक खात्याचा तपशील मिळवला जातो. मग ‘सिम हरवले’ असे सांगून त्याच्या नावाने दुसरे सिम घेतले जाते, किंवा त्याच क्रमांकाचे ई-सिम करून घेतले जाते. नवे सिम सुरू होताच मूळ सिम बंद पडते आणि बँकेचे ओटीपी चोरट्याच्या हाती पडू लागतात. डिसेंबर २०१८ मध्ये मुंबईत माहीम येथील एका व्यापाऱ्याला रात्री सहा मिस्ड कॉल आले आणि त्याचे सिम बंद झाले. त्याच्या खात्यातून २८ व्यवहारांद्वारे १ कोटी ८६ लाख रुपये १४ खात्यांत वळवले गेले होते.

‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ हा उपदेश येथे अपुरा पडतो. ओटीपी ग्राहकापर्यंत पोहोचतच नाही, तो सांगणार काय? माहिती देण्यात ग्राहकाची चूक झालेली असू शकते. पण कागदपत्रांची खातरजमा न करता दुसरे सिम देणारा मोबाईल कंपनीचा विक्रेता आणि केवळ एसएमएसवर विसंबून मोठी रक्कम सोडणारी बँक यांचीही जबाबदारी ठरायला हवी.

नियमांनी या दिशेने काही पावले टाकली आहेत. नवे सिम सुरू झाल्यावर पहिले २४ तास त्यावरील एसएमएस सेवा बंद ठेवणे कंपन्यांना बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून, सिम बदलल्यानंतर सात दिवस क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. दूरसंचार कायदा, २०२३ नुसार फसवणुकीने किंवा तोतयेगिरीने सिम मिळवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

प्रश्न उरतो तो भरपाईचा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने दिलेले तत्त्व असे, की दोष बँकेचा किंवा ग्राहकाचा नसून अन्यत्र असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत तक्रार केली, तर त्याच्यावर भुर्दंड पडत नाही. मात्र ही मुदत बँकेची सूचना मिळाल्यापासून मोजली जाते आणि सिम स्वॅपमध्ये ती एसएमएसची सूचना चोरट्याकडेच जाते. म्हणून ई-मेलवरही सूचना सुरू ठेवणे अगत्याचे आहे.

आणखी एक मार्ग फारसा परिचित नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली प्रत्येक राज्याचा माहिती तंत्रज्ञान सचिव हा न्यायनिर्णय अधिकारी असतो आणि पाच कोटींपर्यंतच्या दाव्यांवर तो निर्णय देऊ शकतो. याच तरतुदीखाली राजस्थानात २०२१ मध्ये, पडताळणी न करता दुसरे सिम देणाऱ्या मोबाईल कंपनीला सुमारे साडेसत्तावीस लाख रुपये ग्राहकाला देण्याचा आदेश झाला. गोव्यातील ग्राहकालाही हा मार्ग खुला आहे. तक्रार नोंदवणाऱ्या पोलीस ठाण्यात आणि बँकेच्या शाखेत त्याची माहिती मिळायला हवी.

गोव्यात याची झळ तारवट्यांना आणि आखातात नोकरी करणाऱ्यांना अधिक बसू शकते. घरचा क्रमांक महिनोन्‌महिने बंद, खात्यात मात्र वर्षांची कमाई, अशी त्यांची स्थिती असते. सिम बंद पडल्याचे त्यांना कळणार तरी कसे? परदेशी जाताना रोमिंग सुरू ठेवावे, व्यवहाराची मर्यादा कमी करून घ्यावी आणि मोठी रक्कम ऑनलाईन व्यवहार बंद असलेल्या खात्यात ठेवावी.

इतरांनीही एक खूणगाठ बांधावी. घरातील त्याच कंपनीच्या दुसऱ्या फोनवर नेटवर्क आहे आणि आपल्या फोनवर नाही, असे दिसताच त्या दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला कळवून खाते गोठवावे, मग मोबाईल कंपनीकडून सिम बंद करून घ्यावे. पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वीच ती अडवता येते. सिमला घातलेला पिन येथे कामी येत नाही. तो चोरीला गेलेल्या सिमचे रक्षण करतो, नव्याने दिलेल्या सिमचे नाही.

एवढी दक्षता ग्राहकाने घ्यायची, तर सिम देणाऱ्याने आपल्या समोरचा माणूस खरा कोण, हे पाहण्याची तसदी घ्यावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. त्यात कसूर झाल्यास भरपाईचा वाटा त्याच्याही पदरी पडला पाहिजे.