डंबेल घेताना किलोपेक्षा लॉक आणि छोट्या प्लेट पाहा

घरच्या जिमसाठी ‘२० किलोचा कॉम्बो’ स्वस्तात दिसला की पटकन ऑर्डर केला जातो. त्या २० किलोंत आहे काय, हे मात्र फार थोडे जण पाहतात. स्वस्त सेटमधल्या पीव्हीसी प्लेटमध्ये बहुतेकदा सिमेंट-वाळूचे मिश्रण भरलेले असते. त्या जाड असल्याने रॉडवरची जागा लवकर संपते आणि फरशीवर आपटल्या की तडकतात. लोखंडी प्लेटला पैसे जास्त पडतात, पण ती पातळ असते आणि वर्षानुवर्षे टिकते.

डायल फिरवून वजन बदलणारे डंबेल जागा वाचवतात, हे खरे. पण जून २०२५ मध्ये अमेरिकेत बोफ्लेक्सचे असे सुमारे ३८ लाख नग परत मागवण्यात आले. व्यायाम करताना त्यांच्या प्लेट निसटून पडत होत्या. त्यापेक्षा आटे पाडलेला साधा रॉड आणि रबरी वायसरचा स्टार नट बरा. दिसायला जुनाट, पण घट्ट बसला की नाही ते हाताला कळते. तो सैल होतो, म्हणून प्रत्येक सेटआधी आवळायचा.

प्लेटचे छिद्रही मोजून घ्यावे. साध्या रॉडच्या प्लेटला ते साधारण २५ ते ३० मिमी असते, ऑलिम्पिक प्लेटला ५०.

आणि सव्वा किलोच्या चार प्लेट हव्यातच. दुकानदार त्या सहसा स्वतःहून देत नाही. रॉडच्या दोन्ही टोकांना अडीच-अडीच किलो चढवले, की एका हातातले वजन एकदम ५ किलोंनी वाढते. नवशिक्याच्या खांद्याला ती उडी झेपत नाही.