जाते कुणाच्या ताब्यात?



शेतकरी गरीब का, असे विचारले की शहाण्यांची उत्तरे ठरलेली : जमीन हलकी, पाऊस लहरी, शेतकरी अडाणी. सातशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधल्या शेतकऱ्याचा हिशेब मांडून पाहू.

रान तीन भागांत. एकात हिवाळ्याआधी गहू किंवा राय, दुसऱ्यात वसंतात जव, ओट, वाटाणा, बाकला. तिसरा पडीक, त्यात गुरे बसवायची. दरवर्षी पाळी बदलायची. ही अडाण्याची शेती नव्हे.

गव्हाचे एक पोते पेरले की साधारण चार हाती येत. त्यातले एक बियाण्याला. पिकाचा दहावा हिस्सा चर्चला. राहिली अडीच पोती, त्यातून जमीनदाराचे देणे. शिवाय त्याच्या रानावर वेठ. गहू पिकवणारा गहू विकून देणी भागवी आणि स्वतः जव-बाकल्याची भाकर नि ओटाची पेज खाई. १३१५ साली पाऊस थांबेना, तेव्हा तीही मिळेना. माणसे भुकेने मेली.

उरलेले दळायचे तेही मालकाच्याच गिरणीत, त्याला वाटा देऊन. लंडनजवळच्या सेंट ऑल्बन्स गावी मठाधिपती रिचर्ड याने १३३० च्या सुमारास लोकांच्या घरातली जाती जप्त केली आणि ते दगड मठात फरशी म्हणून बसवले. लोक विसरले नाहीत. १३८१ च्या बंडात ते मठात घुसले, फरशी उखडली, दगड फोडले आणि तुकडे प्रसादासारखे वाटून घेतले. त्यांचा म्होरक्या विल्यम ग्रिंडकॉब फासावर गेला.

पाऊस अस्मानी होता, जात्याची जप्ती सुलतानी.

आपल्याला हे नवे नाही. १९७२ साली राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी आली. कापूस आपला, घाम आपला, पण दुसऱ्याला विकला तर गुन्हा. ती योजना गेली. पुढे २०१२ च्या मार्चमध्ये केंद्राने कापसाची निर्यात एका हुकमाने बंद केली. हुकूम थोड्याच दिवसांत सैल झाला, पण पडलेला भाव शेतकऱ्याने सोसला.

म्हणून कुणी नवे बियाणे, नवे अनुदान घेऊन दारात आला, तर जरूर ऐका. मात्र आधी एक प्रश्न विचारा : पिकवू आम्ही, पण जाते कुणाच्या ताब्यात राहणार?